रंगीत कॅबिनेटच्या ग्रामोफोनने बुडवलेले १,९४,५०० रुपये

साठ हजार ॲडव्हान्स, सव्वा लाख बाकी, वर साडेनऊ हजार पॅकिंग-वाहतुकीचे. एवढे मोजून १९१२ चा व्हिक्ट्रोला, म्हणजे व्हिक्टर कंपनीचा कॅबिनेटवाला ग्रामोफोन, म्हणून घरी आलं ते नव्या लाकडाचं खोकं, आत कुठल्याशा पोर्टेबल ग्रामोफोनची मोटर.

मी नवखा नाही. स्प्रिंगला ग्रीस भरणं, साउंडबॉक्सचं (सुई बसते त्या आवाजाच्या डबीचं) रबर बदलणं, सगळं मी स्वतः करतो. चकचकीत पितळी कर्ण्याचे बनावट ग्रामोफोन लांबून ओळखतो. पण व्हिक्टर कंपनीने १९०६ पासून व्हिक्ट्रोलाचा कर्णा कॅबिनेटच्या आतच ठेवला, त्यामुळे नेहमीची खूण इथे कामाची नव्हती. नजर खिळली ती कॅबिनेटवरच्या चित्रांवर. काळ्या लाखेवर सोनेरी पॅगोडे, बगळे, पूल. इतकं देखणं काम होतं की कुणीही थांबला असता.

आणि तिथेच दिसायला हवं होतं! व्हिडिओत विकणारा चावी देत होता आणि हँडलच्या भोकाभोवतीचं सोनेरी काम अखंड होतं. शंभर वर्षं जिथे हात घासला, तिथे रंग उरतो कसा? झाकणाच्या कडेलाही झीज नाही. तडे मात्र सगळीकडे एकसारखे. खरे तडे सांध्यांपाशी, लाकडाच्या रेषेने धावतात. मोटरबोर्डवर, म्हणजे मोटर बसवलेल्या फळीवर, अधिकच्या चिन्हासारख्या (+) खाचेचे स्क्रू होते. ते १९३० च्या दशकातले, हे मला ठाऊक होतं आणि मी विचारलंही. तो म्हणाला, "दुरुस्तीत बदललेत." जुन्या मशीनचे स्क्रू बदलतातच, मग कशावरून खोटं मानायचं?

चौकीत सांगितलं, हा दिवाणी मामला, कोर्टात जा. ऑनलाइन पैसे दिलेत म्हणून सायबर पोलिसांकडे गेलो, तर ते म्हणाले वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली? बँक म्हणाली पैसे तुम्हीच पाठवलेत. एकाने तर विचारलं, गाणी मोबाइलवर ऐकता येत नाहीत का? नकली रंग, नकली साल, खोटी नंबरपट्टी, आणि मी सिद्ध काय करायचं, तर माझं नुकसान झालंय हे! तक्रार लिहून घ्यायलाही कुणी तयार नाही. तुमच्यावर वेळ आली तर लेखी पोच घेतल्याशिवाय उठू नका.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. रंगावर अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा, जुनं शेलॅक (लाखेचं पॉलिश) नारिंगी चमकतं. तो माणूस आता लाल लाखेचं, माशांची चित्रं असलेलं कॅबिनेट दाखवतोय. मोटरबोर्ड उचलून खालचा फोटो मागा. आढेवेढे घेतले तर एक रुपयाही ॲडव्हान्स देऊ नका.