आनंदाच्या नोंदींची तयार वही: घेताना काय पाहावं

रोजच्या आनंदाच्या नोंदी ठेवायला ज्या तयार वह्या मिळतात, त्यातल्या बऱ्याच एकाच साच्याच्या असतात. ३६५ पानं, प्रत्येक पानावर तारीख, खाली १-२-३ अशा तीन ओळी आणि कोपऱ्यात एक सुविचार. दिसायला फार सुरेख. तरीही तारखा छापलेली वही घेऊ नका.

चार दिवस चुकले की चार कोरी पानं टोचत राहतात. मग ती भरायची म्हणून एका बैठकीत काहीतरी खरडलं जातं, नाहीतर वही कपाटात जाते. शिवाय रोज लिहायलाच हवं, असं मुळात नाही. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं, तीनदा लिहिणाऱ्यांचं वाढलं नाही. तेच तेच लिहून मन सरावतं, हे त्यामागचं संभाव्य कारण.

रोज लिहायचंच असेल तर एका आठवड्यापुरता नेम करा. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांनी सात रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे ती का घडली तेही लिहिलं. पुढल्या सहा महिन्यांच्या तपासण्यांतही त्यांचा वाढलेला आनंद टिकलेला दिसला.

आणि नेमका हा ‘का’च तयार वह्यांत राहून जातो. एका ओळीत मावतं ते ‘घर, तब्येत, मित्र’. दुसऱ्या दिवशी तेच, पाचव्या दिवशी हात आपोआप चालतो आणि आत काहीच हलत नाही. त्याऐवजी असं लिहून बघा: ‘सकाळचं ऊन टेबलाच्या कडेपर्यंत आलं, पाच मिनिटं हात त्यात ठेवून बसलो.’ खाली: ‘का? आज उठल्या उठल्या पडदा सारला, फोन नंतर घेतला.’ उद्या पुन्हा काय करायचं, हे त्या दुसऱ्या ओळीत सापडतं. म्हणून एका नोंदीला निदान चार ओळींची जागा असलेली वही बघा. पानावर तीनच नोंदी मावल्या तरी पुष्कळ.

कागद ८० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन ८० ग्रॅम) किंवा त्याहून जाड हवा, पातळ कागदावर शाईपेनाची शाई पलीकडे उमटते. बांधणी शिवलेली असेल तर वही सपाट उघडते. तारेच्या वहीत डाव्या पानावर लिहिताना तार तळहाताला लागते. सुविचार, स्टिकर, मूडचे रंगीत चौकोन यांसाठी जास्तीचे पैसे मोजू नका. ॲपपेक्षा वही मला बरी वाटते, कारण नोंद करायला फोन हातात घेतला की दुसरंच काही उघडलं जातं.

दुःखाच्या किंवा नैराश्याच्या काळात मात्र तीन नोंदी भरायचा हट्ट नको. एकच नोंद पुरे, आणि तीही सुचली नाही तर पान तसंच सोडा. खिन्नता दोन आठवडे हटत नसेल तर वहीवर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा.