नेपाळमध्ये ‘गरीब मुलांच्या शाळेत’ शिकवायला जाताय? आधी हे वाचा

काठमांडू किंवा पोखऱ्याला जाऊन गरीब, अनाथ मुलांना दोन-चार आठवडे शिकवायचं, राहणं-जेवण तिथंच, शेवटी प्रमाणपत्र. अशा जाहिराती आपल्याकडच्या कॉलेजच्या मुलांपर्यंतही पोचतात. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, लिपी ओळखीची, प्रवास परवडणारा, त्यामुळे फारशी चौकशी न करता पैसे भरले जातात. यात तुमचे पैसे बुडतात हे वाईटच, पण त्याहून मोठी फसवणूक त्या मुलांच्या आईवडिलांची झालेली असते.

हुमला, जुमला, डोल्पा अशा कर्णालीकडच्या दुर्गम जिल्ह्यांत दलाल जातो. “शहरात चांगल्या शाळेत घालतो” म्हणून मूल घेऊन येतो, कित्येकदा त्यासाठी आईबापांकडूनच पैसेही घेतो. १९९६ ते २००६ च्या सशस्त्र संघर्षात माओवादी मुलांना उचलून नेतील या भीतीने अनेकांनी मुलं अशीच पाठवली आणि ती वाट पडली ती पडलीच. शहरात आल्यावर मूल बालगृहात ठेवलं जातं आणि कागदोपत्री अनाथ होतं. जिवंत बापाचा मृत्यूचा दाखलाही तयार होतो. नेपाळमधल्या बालगृहांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत, हे तिथं काम करणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. बालगृहं दाटलेली आहेत ती काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या जिल्ह्यांत, म्हणजे जिथं पर्यटक येतात तिथं. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर मुलांची अशी ने-आण वाढेल म्हणून सरकारने पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर निर्बंध घातले, नवी बालगृहंही थांबवली. ऑस्ट्रेलियात २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या निमित्ताने अशा अनाथालयांचा प्रश्न संसदेपर्यंत गेला.

स्वयंसेवक या धंद्याचं गिऱ्हाईक असतो. त्याने भरलेल्या साप्ताहिक शुल्कातला मोठा वाटा मध्यस्थाकडे आणि बालगृहचालकाकडे जातो. मुलं नीटनेटकी, पोटभर जेवलेली दिसली तर देणगी आटते, म्हणून फाटकी गादी आणि गळकं छप्पर मुद्दाम तसंच ठेवलं जातं. हे कळायला फार दिवस लागत नाहीत, पण तोवर पैसे दिलेले असतात.

वस्तू देऊनही सुटका नाही. काठमांडूच्या ठामेल या पर्यटकांच्या भागात कडेवर बाळ घेतलेली बाई “पैसे नकोत, फक्त दुधाची पावडर घेऊन द्या” म्हणते, ठरलेल्या दुकानात नेते. तुम्ही वळलात की डबा परत दुकानात जातो आणि पैसे वाटले जातात. तांदळाची पोती, वह्या, ब्लँकेट्स यांचंही असंच होऊ शकतं. द्यायचंच असेल तर दुकान तुम्ही निवडा, पाकिटं तिथंच फोडा, वह्यांच्या पहिल्या पानावर मुलाला स्वतःचं नाव लिहू द्या. फोडलेला माल परत विकता येत नाही.

जाण्याआधी काय विचारायचं? शाळेची वेळ आणि सुट्ट्या. नेपाळचं शैक्षणिक वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. दसैं-तिहारला (आपला दसरा-दिवाळी), साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, शाळांना सुट्ट्या असतात. पर्यटनाचा हंगामही नेमका तोच. कुणी दसैंच्या आठवड्यात ‘वर्गात शिकवायला या’ म्हणत असेल, तर तो वर्ग तुमच्यासाठी भरवलेला आहे. दसैंला घरी जाणं नेपाळी माणसासाठी किती मोठं असतं हे आपण दिवाळीवरून ओळखू शकतो; गावात आईबाप असूनही मुलं त्या दिवसांत बालगृहातच असतील, तर ती का गेली नाहीत हे विचाराच.

दुसरं, तुमच्याकडून ते काय मागतात ते पाहा. मुलांची काळजी असणारी संस्था चारित्र्य पडताळणीचा दाखला मागते, ओळखीच्यांची शिफारसपत्रं मागते, मुलांबरोबर एकट्याने राहू देत नाही, त्यांचे फोटो काढू देत नाही. फक्त पासपोर्टचा फोटो आणि आगाऊ रक्कम मागणारी संस्था मुलांना कुणाच्याही ताब्यात देते आहे. हा मुद्दा आम्हाला बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

नोंदणीचा कागद मागा: जिल्हा प्रशासन कार्यालयाची नोंदणी, समाज कल्याण परिषदेची संलग्नता. शुल्काची फोड लेखी घ्या. रक्कम डॉलरमध्ये सांगितली तर नेपाळी रुपयांत करून बघा. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी होतात, त्यावरून राहण्या-जेवणाचा खरा खर्च ताडता येतो. व्यक्तीच्या नावावरच्या खात्यात पैसे पाठवू नका. पावतीवर संस्थेचा पॅन क्रमांक हवा. परदेशी पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींनी आणखी एक लक्षात ठेवावं: नेपाळच्या पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही चालत नाही. “सगळे असंच करतात” म्हणणारा मध्यस्थ तुम्हालाच अडचणीत टाकतो आहे.

तिथं पोचल्यावर शंका आली तर चालकाशी भांडू नका. कुणकुण लागली तर मुलं दुसरीकडे हलवली जाऊ शकतात. जागेचा पत्ता, पाटीवरचं नाव, मुलं साधारण किती, हे टिपून नेपाळच्या बाल हेल्पलाइनला, १०९८ वर, किंवा राष्ट्रीय बाल अधिकार परिषदेला कळवा. पैसे भारतातल्या खात्यात भरले असतील तर त्याच दिवशी भारताच्या सायबर फसवणूक हेल्पलाइनला, १९३० वर, तक्रार नोंदवा, कार्डाने भरले असतील तर बँकेकडे व्यवहारावर हरकत घ्या. रोख दिलेले परत मिळणं जवळपास अशक्य.