रुपया कुठे घालावा: नवा महामार्ग, अर्धवट कालवा की थेट खात्यात?

अर्थसंकल्प आला की वाद ठरलेला. उमेदवाराला जाब विचारायचा असेल, तर तिन्ही पर्याय शेजारी ठेवून पाहा.

भांडवली खर्च, म्हणजे रस्ते-कालव्यांसारख्या टिकाऊ बांधकामांवरचा खर्च. त्याच्या समर्थकांचा हुकमी आकडा दिल्लीच्या एनआयपीएफपी या सरकारी अर्थकारणावर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या अभ्यासातला: बांधकामावरचा १ रुपया उत्पन्नात २.४५ रुपयांची भर घालतो, थेट वाटपाचा रुपया ९८ पैशांची. केंद्राने हे मनावर घेतलं. २०२४-२५च्या अर्थसंकल्पात भांडवली तरतूद ११.११ लाख कोटींवर गेली, राज्यांनाही २०२०-२१पासून ५० वर्षांसाठी बिनव्याजी कर्ज मिळू लागलं होतं.

पण ही झाली सरासरी. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगेवरचं गोसीखुर्द धरण बघा. पायाभरणी १९८८ची, मूळ अंदाज ३७२ कोटींचा. पुढे तो १८ हजार कोटींपलीकडे गेला. भिंत उभी राहिली, गावं उठली, आणि कालवे व वितरिका (शेतांकडे पाणी नेणारे फाटे) वर्षानुवर्षं रखडल्या. सिमेंट, सळई, मजुरीचा पैसा त्या त्या वर्षी फिरला खरा. पण शेवटच्या चारीपर्यंत पाणी पोचत नाही तोवर धानानंतरचं दुसरं पीक कुठून येणार? कागदावर मात्र हाही ‘विकासाचा’ खर्च.

समृद्धी महामार्ग याच्या उलट: ७०१ किलोमीटर, सुमारे ५५ हजार कोटी, जून २०२५मध्ये पूर्ण खुला. माल लवकर पोचतो, हे नक्की. वाटेवर कारखाने येतील का, ते वीज-पाणी-जागेवर ठरेल.

लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये थेट किराणा, औषधं, शाळेच्या फीमध्ये जातात. ना निविदा, ना भूसंपादन. मंदीत किंवा दुष्काळात याहून जलद मार्ग नाही, आणि याला सरसकट ‘रेवडी’ म्हणणं मला पटत नाही. फक्त सुरुवातीला सांगितलेला वर्षाचा खर्च ४६ हजार कोटी होता. म्हणजे जवळपास एक समृद्धी, दरवर्षी. तो कर्जातून भागवला, तर व्याजही दरवर्षी.

म्हणून माझा क्रम: हाताला काम नसलेल्या वर्षी रोख मदत, एरवी आधी अर्धवट कालवे, मग नवे रस्ते. आणि दुरुस्ती विसरू नका. ती महसुली, म्हणजे रोजच्या चालू खर्चात धरली जाते, त्यामुळे खड्डे बुजवणाऱ्यापेक्षा नवा नारळ फोडणाऱ्याचे आकडे चांगले दिसतात. उमेदवाराला इतकंच विचारा: यंदा किती वितरिका पुऱ्या होणार, आणि देखभालीला किती ठेवलेत?