वेदरिंग पावडर: रेल्वे मॉडेलच्या देखाव्यावर काळाची छाप

रेल्वे मॉडेलमधील पूल, इमारती आणि बोगद्यांची तोंडे कितीही बारकाईने घडवलेली असली, तरी प्लास्टिकची चकाकी उरली की ती खेळण्यासारखीच दिसतात. ही चकाकी घालवण्याच्या साधनांमध्ये कोरड्या रंगद्रव्यांची वेदरिंग पावडर, म्हणजे जुनेपणाची छटा आणणारी भुकटी, मला सर्वांत भरवशाची वाटते. गंज, काजळी, माती आणि फिकट धूळ एवढ्या छटांचा संच १:८७ प्रमाणाच्या देखाव्याला पुरतो.

यातील गंजाची छटा फारच सुंदर आहे. पुलाच्या रिव्हेटपासून मऊ ब्रशने ती खाली ओढत नेली, की पावसाच्या पाण्याबरोबर ओघळलेला गंज हुबेहूब उमटतो. काजळी मात्र सगळीकडे सारखी फासू नये; इंजिनाचा धूर वर जातो, म्हणून बोगद्याच्या कमानीचा वरचा भाग सर्वांत काळा आणि खालचे दगड मातकट असावेत. रुळांच्या बाजू तपकिरी कराव्यात, परंतु माथा पुसून स्वच्छ ठेवावा, कारण खऱ्या रुळाचा माथा चाकांनी घासून चकचकीत राहतो आणि मॉडेलच्या इंजिनाला वीजही तेथूनच मिळते.

गुळगुळीत पृष्ठभागावर पावडर टिकत नाही, त्यामुळे आधी मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या, वार्निशचा हात आवश्यक ठरतो. पावडर पक्की बसवण्यासाठी शेवटी मारलेल्या वार्निशच्या फवाऱ्याने फिकट छटा बऱ्याच मावळतात, हा या पावडरीचा खरा उणेपणा आहे. म्हणून धूळ थोडी जास्तच लावावी. काम करताना मास्क वापरावा. विटांच्या सांध्यांसाठी मात्र पातळ केलेला ॲक्रिलिक रंगच अधिक चांगला.