ड्रेक्सेलमध्ये नऊ महिने: दहा आठवड्यांचं क्वार्टर, को-ऑप आणि आनंदीबाईंचं कॉलेज

फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सचं एम.एस. सुरू करून मला नऊ महिने झाले. तीन क्वार्टर संपली, नऊ विषय झाले, 45 पैकी 27 क्रेडिट पदरात पडली. कोल्हापुरात बसून अर्ज भरत होते तेव्हा जो तो मला रँकिंग सांगत होता, कॅलेंडरबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. इथे तर सगळं कॅलेंडरवरच चालतं. म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

इथे सेमिस्टर नाही, क्वार्टर आहे. दहा आठवडे शिकवणं आणि अकराव्यात परीक्षा. आपल्याकडे पहिले तीन आठवडे वर्ग कुठला आणि शिकवायला कोण, हे कळण्यातच जातात. इथे तेवढ्या वेळात दोन असाइनमेंट देऊन झालेल्या असतात आणि पाचव्या आठवड्याच्या आसपास मिडटर्म येते. फॉल क्वार्टर सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतं, त्यामुळे दिवाळी नेमकी मिडटर्मच्या आगेमागे पडते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी लायब्ररीत होते. रूमवर येऊन पणती लावली तेव्हा कोल्हापुरात दुसऱ्या दिवसाची सकाळ झाली होती.

विंटर क्वार्टरच्या चौथ्या आठवड्यात मला ताप आला. सोमवार ते शुक्रवार अंथरुणात गेले. पाच दिवस ऐकायला थोडे वाटतात, पण शिकवण्याचा दहावा हिस्सा त्यात गेला. सरांनी एका असाइनमेंटची मुदत आपणहून वाढवून दिली, तरी अल्गोरिदमच्या विषयात बुडालेलं भरून काढायला मला थेट परीक्षेचा आठवडा उजाडला. तेव्हापासून प्रत्येक विषयाचं पहिल्या दोन आठवड्यांचं काम मी क्वार्टर सुरू होण्याआधीच वाचून ठेवते. येणाऱ्यांनी हे जरूर करावं.

या वेगाचा फायदाही मोठा आहे. तीन-तीन क्रेडिटचे पंधरा विषय मिळतात. म्हणजे मशीन लर्निंग, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टीम हे नेहमीचे विषय घेऊनही एखाद्या अनोळखी विषयाला हात घालायला जागा उरते. मी ह्युमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन, म्हणजे माणसं कॉम्प्युटर कसा वापरतात त्याचा अभ्यास, असंच घेतलं आणि आता मला त्यातच पुढे जायचं आहे. एखादा विषय नाही भावला तर तो दहा आठवड्यांत मागेही पडतो. एक गोष्ट लक्षात ठेवा: विद्यापीठाने 2027 च्या फॉलपासून सेमिस्टरवर जायचं ठरवलं आहे. तुमचा अभ्यासक्रम त्या बदलाच्या मधोमध येत असेल तर क्रेडिटचं गणित कसं बसणार, हे प्रवेश घेण्याआधीच लेखी विचारून घ्या.

आता को-ऑप. ड्रेक्सेलला लोक येतात ते यासाठीच. शिकता शिकता सहा महिने कंपनीत पूर्ण वेळ काम करायचं, बहुतेक वेळा पगारी, आणि मग पुन्हा वर्गात यायचं. ही पद्धत इथे 1919 पासून आहे, तेव्हा ती इंजिनिअरिंगपुरती होती. आज बॅचलर्सच्या मुलांना दोन मार्ग असतात: पाच वर्षं आणि तीन को-ऑप, नाहीतर चार वर्षं आणि एक. पाच वर्षांवाला मुलगा पदवी घेतो तेव्हा त्याच्याकडे दीड वर्षाचा कामाचा अनुभव असतो. माझ्या वर्गात अशी दोन मुलं आहेत, पदवी घेऊन मास्टर्सला थांबलेली. प्रोजेक्टमध्ये त्यांच्याबरोबर बसलं की फरक दिसतो. कोड लिहायच्या आधी ती विचारतात, 'हे वापरणार कोण?'

आमच्याकडच्या एका कन्सल्टन्सीने मला सांगितलं होतं की को-ऑप म्हणजे नोकरी पक्की. हे चूक आहे. त्याच भरवशावर कर्जाचे आकडे मांडणारी मुलं मला इथे भेटली, म्हणून मुद्दाम सांगते. मास्टर्सच्या मुलांना को-ऑप ऐच्छिक आहे आणि जागा स्वतः मिळवावी लागते. अर्ज, मुलाखत, नकार हे सगळं बाहेरच्या नोकरीसारखंच. विद्यापीठ पोर्टल देतं, रेझ्युमे तपासून देतं, मुलाखतीचा सराव करून घेतं. त्यापुढचं तुमच्यावर. मी तीसेक ठिकाणी अर्ज केले, पाच मुलाखती झाल्या. एका कंपनीने होकार कळवून आठवड्याने जागाच रद्द केली, तेव्हा दोन दिवस मला जेवण गेलं नाही. शेवटी शहरातल्याच एका लहान कंपनीत काम मिळालं. सप्टेंबरमध्ये रुजू व्हायचं आहे.

एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असाल तर साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावरच सीपीटीवर, म्हणजे शिक्षणाचा भाग म्हणून मिळणाऱ्या परवानगीवर, काम करता येतं. पूर्ण वेळ सीपीटी बारा महिने किंवा त्याहून जास्त झालं की ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काम करायची परवानगी, हातची जाते. सहा महिन्यांच्या को-ऑपने ती शाबूत राहते. पगारातून फिलाडेल्फिया शहराचा वेगळा कर कापला जातो, पावणेचार टक्क्यांच्या आसपास. बजेट मांडताना तो धरा.

विद्यापीठाचा इतिहास मला मेन बिल्डिंगने शिकवला. 32 वी स्ट्रीट आणि चेस्टनट स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची ही 1891 ची इमारत. आत शिरलं की कित्येक मजले उंच चौक आणि वर काचेचं छत. तिथे स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या शिल्पकाराने, बार्तोल्दीने, घडवलेला एक मुलगा आहे. परीक्षेला जाताना मुलं त्याच्या पायाचं बोट चोळून जातात, त्यामुळे तेवढंच बोट चकाकतं. मीही चोळते.

ही संस्था काढली अँथनी ड्रेक्सेल या बँकरने. जे. पी. मॉर्गन त्याचा भागीदार होता. हातचं काम शिकून कमावू पाहणाऱ्या तरुण-तरुणींसाठी ही शाळा होती, आणि ती पहिल्यापासून मुलींनाही खुली होती. दिवसा काम करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग होते. 1892 मध्ये तर इथे ग्रंथपालांसाठी वर्ग सुरू झाले होते. 1936 मध्ये नाव ड्रेक्सेल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी झालं आणि 1970 मध्ये विद्यापीठ. कामावरून थेट वर्गात येणारी माणसं माझ्या संध्याकाळच्या तासाला आजही असतात. मागच्या बाकावरचे एक गृहस्थ माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत आणि सगळ्यात जास्त प्रश्न तेच विचारतात.

बारकोड इथला आहे हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. 1948 मध्ये एका किराणा साखळीचा प्रमुख डीनकडे आला होता. गल्ल्यावर मालाची माहिती आपोआप वाचणारं काही तरी त्याला हवं होतं. डीनने नकार दिला, पण ते बोलणं बर्नार्ड सिल्व्हर नावाच्या विद्यार्थ्याच्या कानावर पडलं आणि त्याने ते मित्राला, नॉर्मन वुडलँडला सांगितलं. वुडलँड मायामीच्या समुद्रकिनारी विचार करत बसला असताना त्याने मोर्स कोडची टिंबं आणि रेघा वाळूत बोटांनी खाली ओढल्या, त्यातून जाड-बारीक रेघांची कल्पना निघाली. पेटंट 1952 चं. सुपरमार्केटात बारकोडवाली पहिली वस्तू स्कॅन झाली ती 1974 मध्ये, च्युइंगमचं एक पाकीट. मधली बावीस वर्षं लेझर आणि स्वस्त कॉम्प्युटर येण्याची वाट पाहण्यात गेली. याच ड्रेक्सेलने 1983 मध्ये नव्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे स्वतःचा कॉम्प्युटर असलाच पाहिजे असा नियम केला, आणि पुढच्या वर्षी बाजारात आलेला मॅकिन्टॉश मुलांच्या हातात पडला.

राहण्याबद्दल थोडक्यात. कॅम्पस शहराच्या आत आहे, कुंपण नाही, शेजारी पेन, म्हणजे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ. 30 व्या स्ट्रीटचं स्टेशन चालत दहा मिनिटांवर, तिथून न्यूयॉर्क दीड तास. किराण्यासाठी आम्ही मेट्रोने 69 व्या स्ट्रीटला जातो, ज्वारीचं पीठही मिळतं. जुन्या घरात खोली घेत असाल तर हीटिंगचं बिल भाड्यात आहे का, ते करारात वाचा. माझ्या आधीच्या घरमालकाने ते तोंडी 'आहे' म्हटलं होतं, जानेवारीत बिल मला आलं.

आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात शिकल्या हे शाळेत सगळ्यांनीच वाचलेलं असतं. त्यांचं वूमन्स मेडिकल कॉलेज 1850 मध्ये सुरू झालं होतं. 1970 मध्ये त्याने मुलांनाही प्रवेश देऊन नाव बदललं, 1993 मध्ये ते हानेमन या दुसऱ्या मेडिकल कॉलेजात मिळालं, 1998 मध्ये ते चालवणारी संस्था दिवाळखोरीत गेल्यावर ड्रेक्सेलने कारभार हाती घेतला आणि 2002 मध्ये ते ड्रेक्सेलचं वैद्यकीय महाविद्यालय झालं. म्हणजे आनंदीबाईंच्या कॉलेजची कागदपत्रं आज माझ्या विद्यापीठाकडे आहेत. हे मला इथे सहा महिने काढल्यावर कळलं. साडीतल्या आनंदीबाई आणि त्याच कॉलेजात शिकणाऱ्या किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी व सीरियाच्या सबात इस्लामबूली, हा 1885 चा प्रसिद्ध फोटो याच संग्रहातला.

एका रविवारी मी नॉर्थ कॉलेज अव्हेन्यूला जाऊन आले. तेव्हाचं कॉलेज तिथे होतं, 1930 मध्ये ते शहरातल्याच ईस्ट फॉल्स भागात हललं. शेजारच्या गिरार्ड कॉलेजची उंच दगडी भिंत तेवढी आहे. मार्चची थंडी होती, माझ्या अंगावर जाड कोट होता, आणि अठराव्या वर्षी इथे आलेल्या त्या मुलीने तीन हिवाळे कसे काढले असतील हे मला खरंच उमगेना. 11 मार्च 1886 ला त्यांना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

आनंदीबाईंची नेमणूक झाली होती कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, स्त्रियांच्या विभागावर. त्या परतल्या त्या आजारी होऊनच. रुजू होण्याआधी 26 फेब्रुवारी 1887 ला त्या पुण्यात वारल्या, बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. ते हॉस्पिटल म्हणजे आपलं सीपीआर, आजचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. त्या रविवारी संध्याकाळी मी बाबांना फोन करून हे सांगितलं. ते म्हणाले, 'अगं, तुझा जन्म तिथलाच.'