स्केटिंग कॉस्च्युमवरचा घाम: पॅड, रोल-ऑन आणि जाळी, काही महिने वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगते, कारणं मागून. चिकटवायचे घामाचे पॅड स्केटिंगला बाद. टिचबटणांचे सुती पॅड सरावाला छान. रात्री लावायचं अँटिपर्स्पिरंट (घाम रोखणारं रोल-ऑन) काखेपुरतं खरंच काम करतं. पण सगळ्यात मोठा फरक पडला तो कापडाच्या रंगाने आणि टेलरकाकांनी काखेत घातलेल्या जाळीच्या तुकड्याने. त्या जाळीचा खर्च सगळ्यात कमी.

मी ठाण्यात आर्टिस्टिक रोलर करते. फिगर स्केटिंगच, फक्त बर्फाऐवजी चाकांवर आणि डोक्यावर पत्र्याची शेड. यूट्यूबवर घामाबद्दल सांगणाऱ्या मुली बहुतेक बर्फाच्या रिंकवरच्या, तिथली हवाच गार. आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट की घाम वाळायचं नावच घेत नाही. ‘ड्राय-फिट’ प्रकारचं कापड घाम पसरवतं, म्हणजे तो लवकर उडून जावा. तो उडालाच नाही तर काय होतं? डाग तेवढा मोठा होतो. सरावाच्या टीशर्टला हे चालतं, कॉस्च्युमला नाही.

आमच्या ग्रुपचा ड्रेस फिकट राखाडी-निळा, बिनचमकीचा लायक्रा. दिसायला सुरेख. पहिलं मिनिट संपायच्या आत सगळ्यांच्या काखेत अर्धचंद्र, पाठीच्या मणक्यावरून खाली एक गडद रेघ, आणि सिट स्पिननंतर, म्हणजे बसून घेतलेल्या गिरकीनंतर, कमरेखाली जे दिसतं त्याबद्दल न बोललेलं बरं. कोरड्या कापडाच्या धाग्यांमध्ये हवा असते, त्यामुळे प्रकाश विखुरतो आणि रंग फिका दिसतो. त्या फटींत पाणी शिरलं की प्रकाश कमी विखुरतो, जास्त शोषला जातो, आणि तोच रंग गडद दिसतो. राखाडी, आकाशी, लव्हेंडर हे मधले रंग म्हणून सगळ्यात चुगलखोर. काळा आधीच गडद, त्यामुळे फरक कळत नाही. पांढऱ्यावर डाग कमी दिसतो, पण ओला झाला की आतलं दिसू लागतं. अस्तर हवंच.

स्वतःच्या ड्रेसचं कापड आणायला आई आणि मी मंगलदास मार्केटला गेलो, तेव्हा पाण्याची बाटली बरोबर ठेवली. प्रत्येक नमुन्याच्या कोपऱ्यावर ओलं बोट टेकवायचं आणि हातभर लांबून बघायचं. दुकानदाराने एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गप्प राहिला. नेव्ही ब्लू आणि वाइन रंग पास. चमकदार लायक्रा बिनचमकीच्यापेक्षा बरा. खाली गडद होत जाणारं छटांचं कापडही चांगलं लपवतं. स्ट्रेच वेल्वेट डाग जवळजवळ दाखवतच नाही, पण ते अंगात घालून मे महिन्यात प्रोग्राम करून बघा, मग बोलू. मी नेव्ही घेतला.

आता पॅड. चिकटवायचे पॅड ऑफिसच्या शर्टासाठी बनलेले असतात. लायक्रा ताणतो, पॅड ताणत नाही. हात वर नेला की कडा सुटते, पॅडची सुरळी होते आणि काखेत टोचत बसते. शिवाय गोंदाचा चिकटा कापडावर राहतो तो वेगळाच. बर्फावरच्या स्पर्धांमध्ये कॉस्च्युमचा किंवा सजावटीचा भाग खाली पडला तर आयएसयूच्या (आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या) नियमाने १ गुण कापला जातो. चाकांवर तर पडलेल्या वस्तूवरून आपणच घसरू. सुती पॅड टिचबटणांनी पक्के बसतात, धुता येतात, पण पातळ कापडाखाली त्यांची गोल कड दिसते. म्हणून ते फक्त सरावाला.

अँटिपर्स्पिरंट आणि डिओ एक नव्हेत. डिओ वास झाकतो. अँटिपर्स्पिरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार घर्मग्रंथींची तोंडं तात्पुरती बुजवतात. सकाळी घाईघाईत घामेजल्या काखेत फासलं तर उपयोग अर्धाच. रात्री, कोरड्या त्वचेवर लावायचं. रेझर फिरवल्यावर लगेच नाही, आग होते. पाठीचं मात्र ते काही करू शकत नाही. टाल्कम पावडरचा विचारही नको. घामात मिसळून पांढरा लगदा होतो, आणि ती रिंकवर सांडली तर सर रिंकबाहेर काढतील.

जाळी म्हणजे त्वचेच्या रंगाची पॉवरनेट, ताणली जाणारी बारीक जाळी. काकांना मी एवढंच सांगितलं, “काका, काखेत कापडच नको.” त्यांनी बाहीची आणि बाजूची शिवण जिथे मिळते तिथे पतंगाच्या आकाराचा तुकडा बसवला, कडेला ओव्हरलॉक. घाम येतो तेवढाच येतो, पण तो त्वचेवर चमकतो, दंडावर चमकतो तसाच. गडद-फिक्याची सीमाच नाही, मग डाग कुठला! हात वर नेताना ड्रेस वर ओढला जायचा, तेही थांबलं. पाठीलाही तीच जाळी, आणि मणक्यालगत खडे. ‘स्किन कलर’ म्हणून बाजारात मिळते ती जाळी आपल्या अंगावर गुलाबट दिसते. आईने ती कोऱ्या चहात बुडवून ठेवली. नायलॉनला चहाचा रंग धरतो. आता जाळी कुठे संपते ते जवळ आल्याशिवाय कळत नाही.

धुणं सोपं आहे: उलटा करून, गार पाण्यात, हाताने. ब्लीच आणि गरम पाणी लायक्राचा ताण मारतात, सॉफ्टनर धाग्यांवर थर धरतं. पावसाळ्यात वाळत घालायला पंख्याखालची जागा. नाटकवाले धुता न येणाऱ्या कपड्यांच्या वासावर पाणी घातलेली व्होडका फवारतात. ही युक्ती मी घरी सुचवून पाहिली. व्होडकाची बाटली आमच्या फ्रिजमध्ये यायची नाही, एवढं ठरलं.

चिकट पॅडचं एक सीलबंद पाकीट पडून आहे. घोडबंदर रोडच्या बाजूला राहणाऱ्या कुणाला ऑफिसच्या शर्टासाठी हवं असेल तर मेसेज करा, फुकट देते.