टेली-मानस (१४४१६): आडजागी कामाच्या पाळीवर जाणाऱ्यांच्या किती उपयोगाची?

गोव्यातल्या सत्तरी-सांग्याकडच्या साइटवर पाळी करणाऱ्याचे दोन-तीन तास बसमध्येच जातात. त्यात पाळी आठवड्याला बदलली की आधी झोप बिघडते, मग चिडचिड आणि दारू. अशा माणसाला दिवसाची ओपीडी गाठणं जमत नाही. म्हणून ऑक्टोबर २०२२ पासूनची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा आम्हाला मोलाची वाटते: चोवीस तास, फुकट, मराठीतूनही.

फोन लावून भाषा निवडली की समुपदेशकाशी जोडून देतात. बसमधून मात्र बोलू नका. शेजारी ओळखीचा असला की खरं तोंडातून निघत नाही, आणि डोंगरात रेंज जाते. नुसतं ‘टेन्शन आहे’ म्हणून भागत नाही. झोप किती तास, पाळी कुठली, दारू किती, गोळ्या कुठल्या, हे नीट सांगा.

दर वेळी तोच समुपदेशक मिळेल असं नाही, ही उणीव. मागचं बोलणं थोडक्यात लिहून ठेवा. दोन आठवडे मन उदास, झोप-भूक उडालेली असेल तर रजा टाकून बांबोळीचं आयपीएचबी (सरकारी मानसोपचार रुग्णालय) गाठाच. कुणी जीव द्यायचं बोलत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. लगेच १०८ लावा.